राजारामपुरीतला छातीचा दवाखाना: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते आत लिहिलंय

रिव्ह्यू लिहायची सवय नाही मला, हॉटेलचा पण कधी लिहिला नाही, पण गेल्या नऊ महिन्यात किमान दहा जणांना दुकानात उभं राहून पोराच्या दम्याचं आणि वजनाचं हेच सगळं सांगून झालंय, म्हणलं एकदाच टाईप करून ठेवू आणि जो विचारेल त्याला पाठवू. लांबलंय जरा. ज्यांना फक्त फी आणि पार्किंग बघायचंय त्यांनी सरळ शेवटी जावा. दवाखान्याचं नाव टाकत नाही कारण चांगलं पण लिहिणार आहे आणि तक्रारी पण, आणि आम्हाला अजून तिथंच जायचंय.

पेशंट म्हणजे आमचा थोरला, वय १३. राहायला शाहूपुरीत, माझं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. गणपतीच्या आधी पंधरा दिवस पहिल्यांदा गेलतो तेव्हा याची उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ६४ किलो. आकडा वाचून तुम्हाला वाटेल बरंच की हो, पण खरं सांगतो आम्हाला घरात कधी जास्त वाटलंच नव्हतं. कोल्हापूर आहे हे, इथं पोरगं जाड असलं तर त्याला कोण जाड म्हणत नाही, पैलवान म्हणतात. गल्लीत पैलवान, शाळेत पैलवान, कटिंगवाला पण "बसा पैलवान" म्हणणार, आणि आमची आई दर अमावस्येला मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणार. आता खरा पैलवान पहाटे उठून तालमीत जोर-बैठका मारतो, आमचा पैलवान माडीवर जायचं म्हणलं तर जिन्यात मधल्या पायरीवर बसायचा आणि "पप्पा थांबा की" म्हणायचा.

दम्याचं मूळ आमच्या हिशोबानं २०१९ च्या पुरात आहे. ऑगस्टमध्ये खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं, ते ओसरलं पण भिंती दिवाळीपर्यंत ओल्या, पोपडे सुटलेले, कपाटामागं काळी बुरशी, आणि आम्ही शहाण्यागत त्यावरच रंग मारला. त्या थंडीत हा ७ वर्षांचा होता, रात्री दोन-अडीचला खोकला सुरू व्हायचा आणि कान लावला तर छातीत बारीक शिट्टी वाजायची. पुढं २०२१ ला परत पाणी आलं. मधल्या काळात एका डॉक्टरांनी बालदमा म्हणून सांगितलं, एक निळा पंप दिला (आवळलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करणारा), आणि ज्या वाक्यानं पुढची पाच वर्षं वाया गेली ते वाक्य सांगितलं: याला पळवू नका. झालं, आम्ही पळवलं नाही. शाळेत पीटीला चिठ्ठी, मामाकडं शिवाजी पेठेत पोरं फुटबॉल खेळायची तर हा कट्ट्यावर बसून चपला सांभाळायचा, त्यात लॉकडाऊन आला, मोबाईल आला, आणि दर थंडीत तीन-चार वेळा धाप वाढली की स्टेरॉईडच्या गोळ्यांचा कोर्स. त्या गोळ्या चालू असताना पोरगं डबा संपवून परत भाकरी मागायचं आणि आम्ही खूश, की बघा औषध लागू पडलं.

आता दवाखान्याचं. पहिला दिवस अत्यंत वाईट गेला हे आधीच सांगतो. टोकन अकराचं होतं, आत गेलो दीडला. त्याचं पण काही नाही, कोल्हापुरात चांगल्या डॉक्टरकडं तेवढं थांबावंच लागतं, पण वजनकाटा होता रिसेप्शनच्या समोर, भर माणसांत. कंपाउंडरनं याला उभा केला आणि तिकडं रजिस्टर लिहिणाऱ्या मुलीला ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा ओरडला, "चौसष्ट!" बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, एक म्हातारा हसला, आणि आमच्या पोराचे कान लालभडक. त्यानं हळूच शर्ट पुढून ओढून पोट झाकलं. मी बाप असून त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं की हा असा शर्ट ओढतो, नंतर लक्षात आलं की फोटोत पण दरवेळी तसाच ओढलेला असतो. बाहेर आल्यावर म्हणाला, पप्पा परत इथं नको. अर्धा स्टार तिथंच गेला होता. तिसऱ्या वेळी मी डॉक्टर मॅडमना स्पष्ट बोललो, आणि त्याच्या पुढच्या वेळी गेलो तर काटा आतल्या खोलीत पडद्यामागं आणि आकडा कागदावर लिहून. त्यामुळं तो अर्धा स्टार परत दिलाय.

मॅडम मात्र एक नंबर. माझ्याशी दोन मिनिटं बोलल्या आणि खुर्ची त्याच्याकडं फिरवली, "तू सांग, तुला काय होतं?" रात्री खोकला येतो का, हसल्यावर खोकला येतो का, घोरतोस का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, पळाल्यावर दम लगेच लागतो की पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते. हा शेवटचा प्रश्न भारी होता, आम्ही कधी विचारच केला नव्हता. मग मला विचारलं, दुकानातून आल्यावर कपडे बदलता का? मी म्हणलं जेवून झाल्यावर बदलतो. दिवसभर गहू-ज्वारीच्या पोत्यातली धूळ अंगावर घेऊन मी रोज रात्री पोराला जवळ घेऊन टीव्ही बघत होतो आणि औषध बदलायला डॉक्टर शोधत होतो. आता दारातच आंघोळ, मगच घर.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: नाकाला चिमटा, तोंडात जाड पुठ्ठ्याची नळी, पोट भरून श्वास घ्यायचा आणि एका दणक्यात सोडायचा, आणि सोडतच राहायचं, लहान पोरांना कमी वेळ पण मोठ्यांना सहा सेकंदांपर्यंत. टेस्ट घेणाऱ्या ताई भजनी मंडळात शोभतील अशा आवाजाच्या, "सोड सोड सोड सोड, अजून अजून अजून, थांबायचं नाही, शाब्बास!" बाहेर बसलेल्या माणसांना वाटावं आत कुस्ती चाललीय. कॉम्प्युटरवर मेणबत्त्या विझवायचं चित्र होतं, याला ते बारक्या पोरांचं वाटलं आणि तो वैतागला, पण चौथ्या फुंकरीला सगळ्या विझल्या तेव्हा गालात हसला. मग स्पेसरमधून (पंपाला लावायचा प्लास्टिकचा पोकळ डबा) औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवलं, परत तेच. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी आकडा १४ टक्क्यांनी वाढला. मॅडम म्हणाल्या १२ टक्क्यांच्या वर वाढला म्हणजे नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधानं सुटल्या, याला खरोखरचा दमा आहे, नुसता वजनाचा दम नाही.

मग मी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितोय. म्हणलं मॅडम, आधीचे म्हणायचे वजन कमी करा दमा जाईल, नातेवाईक म्हणतात दमा आहे म्हणून वजन वाढलं, नेमकं काय आधी? त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागं चित्र काढलं, तो कागद आमच्या फ्रिजवर अजून आहे. एक मोठा फुगा, त्याला बारीक नळी. जाड पोरांत बऱ्याचदा असं होतं म्हणे, फुप्फुस आकारानं चांगलं मोठं वाढतं, कधी नेहमीपेक्षा मोठंच, पण हवा नेणाऱ्या नळ्या त्या मानानं रुंद होत नाहीत. हवा भरपूर, वाट अरुंद. त्यामुळं टेस्टमध्ये एकूण हवेचा आकडा झकास येतो आणि पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते प्रमाण कमी येतं, आणि नुसता पहिला आकडा बघणारा म्हणतो काही नाही, ठणठणीत आहे. त्यात पोटाची चरबी खालून श्वासाचा पडदा वर ढकलते, छातीवरची चरबी वरून दाबते, म्हणजे उरावर पोतं ठेवून झोपल्यासारखं, श्वास वरवरचा होतो आणि तळाच्या बारक्या नळ्या मिटायला बघतात. आणि चरबी नुसती पडून नसते, ती रक्तात सूज वाढवणारी द्रव्यं सोडत असते, म्हणून अशा पोरांचा दमा कधीकधी नेहमीच्या औषधाला कमी दाद देतो आणि लोक डोस वाढवत बसतात.

हे झालं वजनाकडून दम्याकडं. २०१८ साली अमेरिकेत पाच लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यात लठ्ठ मुलांना दमा होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा २६ टक्के जास्त निघाला. पण उलट पण होतं, आणि मला हे जास्त लागलं. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास छापून आला, सुरुवातीला जी मुलं लठ्ठ नव्हती त्यांना दहा वर्षांपर्यंत बघत गेले, तर दमा असलेल्या मुलांची पुढं लठ्ठ होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी जास्त. आणि त्यातली जी मुलं त्रास झाला की पंप घेत होती त्यांच्यात ती शक्यता ४३ टक्क्यांनी कमी. म्हणजे पंप घेतलेलं पोरगं खेळत राहिलं असणार बहुतेक, हा माझा अंदाज. आम्ही पंपाची सवय लागेल म्हणून पंप कपाटात ठेवला आणि पोराला सोफ्यावर ठेवला.

तर आधी काय या प्रश्नाला मॅडमचं उत्तर, "दोन्ही, पण उपचार आधी श्वासाचा. श्वास मोकळा झाल्याशिवाय हा पळणार नाही, आणि पळाल्याशिवाय वजनाचं काही होणार नाही." आणि दुसरं वाक्य, जे ऐकून पोराच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड आला, "तुला वजन कमी करायचं नाहीये, थांबवायचंय. तुझी उंची वाढायची आहे अजून, ती काम करेल." भारतीय बालरोगतज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता काढून बोट ठेवून दाखवलं तो कुठं आहे. आपल्या लोकांत कमी वजनातच चरबी जास्त असते म्हणून आपल्या तक्त्यातली जास्त वजनाची रेषा मोठ्या माणसाच्या २३ बीएमआयला (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) आणि लठ्ठपणाची २७ ला जुळवलेली आहे, बाहेरच्या देशातलं कुठलंतरी ॲप बघून पोरगं ठीक आहे म्हणू नका.

पंप. इथं आमची लाज निघाली. ताई म्हणाल्या दाखव कसा घेतोस, यानं न हलवता तोंडात धरला, फुस्स केला, आणि लगेच गिळल्यासारखं केलं. सगळं औषध जिभेवर. पाच वर्षं आम्ही जिभेचा दमा बरा करत होतो. आता हलवायचा, स्पेसरला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक दाबायचा, सावकाश ओढायचा, दहापर्यंत मोजत धरायचा, आणि स्टेरॉईडच्या पंपानंतर खळखळून चूळ भरायची. ताईंनी त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं आणि मग माझ्याकडून, मी नापास. नुसता निळा पंप आता १२ वर्षांच्या पुढं एकटा पुरेसा समजत नाहीत, २०१९ पासून जगभरच्या दम्याच्या गाईडलाईनमध्येच तसं आहे, सूज कमी करणारं औषध, म्हणजे स्टेरॉईडचा पंप, पाहिजेच.

स्टेरॉईड शब्द ऐकल्यावर आमच्या आईनं घरात सभाच भरवली. "पोराला इष्टेरॉईड देतोस व्हय रं, फुगंल की आणि!" मॅडमनी सांगितलेलं मी तिला दुकानाच्या भाषेत सांगितलं, गोळी मिलिग्रॅममध्ये असते आणि पंप मायक्रोग्रॅममध्ये, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे ते पोतं आणि ही चिमूट. औषधं वेगळी, ताकद वेगळी, त्यामुळं सरळ भागाकार करू नका असं पण मॅडम म्हणाल्या होत्या, पण आईला पोतं-चिमूट पटलं. फुगवणाऱ्या त्या वरचेवरच्या गोळ्या होत्या, आणि रोजचा पंप नीट चालला तर गोळ्यांची वेळच कमी येते. उंचीवर थोडा फरक पडू शकतो, साधारण एखाद सेंटीमीटर, हे त्यांनी न विचारता आपणहून सांगितलं, म्हणून दर तीन महिन्यांनी उंची मोजतात. लपवलं असतं आणि मला मोबाईलवर कळलं असतं तर मी औषध बंदच केलं असतं.

आता आहारतज्ञांचा विषय, इथं अर्धा स्टार पक्का कापलाय. एकाच छताखाली म्हणून त्यांच्याकडं पाठवलं, वेगळी फी, आणि हातात छापील कागद. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, ऑलिव्ह ऑईल, संध्याकाळी ग्रीक योगर्ट. अहो मी लक्ष्मीपुरीत धान्य विकतो, माझ्या घरात ज्वारी, नाचणी, मटकी, हुलगा पोत्यानं पडलंय, आणि माझ्या पोरानं डब्यातले ओट्स खायचे? आठ दिवस बायकोनं प्रामाणिकपणे केलं, नवव्या दिवशी पोरगं वडापाव खाताना शाळेबाहेर सापडलं. कागद घेऊन परत मॅडमकडं गेलो, त्यांनी हसून सगळ्यावर काट मारली आणि विचारलं, दिवसभरात पितो काय?

खातो काय नाही, पितो काय. सकाळी गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं दूध साखर घालून मोठा ग्लास, शाळा सुटल्यावर दूध कोल्ड्रिंक, क्लासला जाताना पाच-दहा रुपयाचं गोड पाऊच, रात्री परत दूध. जेवणाचं आम्ही मोजत होतो आणि हे सगळं मोजणीबाहेर वाहत होतं. तर कोल्ड्रिंक आणि पाऊच बंद, दुधातली साखर बंद, पाव-फरसाण-बिस्कीट आठवड्यातून एकदा, भाकरी-भाजी-आमटी-उसळ पोटभर. रविवारचं मटण राहू दे म्हणाल्या, तांबडा घे, पांढरा एक वाटी, भात निम्मा. या वाक्याला मी वैयक्तिक पूर्ण एक स्टार देतो, कारण मटण बंद करा म्हणणारा डॉक्टर कोल्हापुरात टिकत नाही आणि त्याचं कोण ऐकत पण नाही.

आणि जेवायची वेळ. दुकान बंद करून मी यायचो दहाला, सगळे एकत्र म्हणून साडेदहाला जेवण, अकराला पोरगं आडवं. भरल्या पोटी झोपलं की आम्ल वर येतं, घशाला लागतं, खोकला, आणि जाड पोटात हे जास्त. आता पोरं आठला जेवतात, मी एकटा नंतर जेवतो, वाईट वाटतं पण रात्रीचा खोकला निम्मा याच्यानंच कमी झाला असं माझं मत आहे, मॅडम म्हणतात पंपानं झाला. घोरण्यासाठी कान-नाक-घसावाल्यांकडं पाठवलं, तिथलं काही मोठं निघालं नाही, सोडून देतो.

चालणं सुरू केलं रंकाळ्यावर, टॉवरपासून शालिनी पॅलेसपर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी तो तीन वेळा बसला आणि खरं सांगतो मी पण दोनदा बसलो, कारण माझं पोट त्याच्या पुढं आहे. नियम एवढाच की आधी दहा मिनिटं सावकाश, मग वेग, एकदम पळत सुटायचं नाही, आणि सुरुवातीचे दोन महिने निघायच्या पंधरा मिनिटं आधी निळा पंप. चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्यांकडं मान वळवायची नाही, हा नियम मी मोडला, त्यानं नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणारे म्हणतील जाड पोरगं धापा टाकतंय म्हणजे दमाच. माझ्या मेव्हण्याची पोरगी १६ वर्षांची, अंगानं आमच्या पैलवानासारखीच, दोन वर्षं पंप घेत होती, कुणीतरी छाती ऐकून दमा म्हणलं होतं. आमचं बघून तिला पण घेऊन गेलो. वयात आल्यावर मुलींमध्ये दमा मुलांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून मॅडमनी हलक्यात घेतलं नाही, स्पायरोमेट्री केली, औषधानंतर परत केली, फरक काही नाही. दोन आठवडे घरी पीक फ्लो मीटरवर (फुंकलेली हवा किती जोरात बाहेर पडते ते दाखवणारं हातातलं यंत्र) सकाळ-संध्याकाळ फुंकायला लावलं, रेघ सरळ. दुसरीकडं पाठवून ट्रेडमिलवर पळवलं आणि लगेच परत फुंकायला लावलं, तेव्हाही आकडा खाली आला नाही. दमा नाहीच. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. जाड पोरीच्या अंगात रक्त कमी असेल हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, मेव्हणा तर म्हणाला एवढं खाते की ती. तिचे पंप बंद झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि सवय मोडलेली होती म्हणून हळूहळू चालणं. आणि उलटं सांगायचं तर बाकावर आमच्या शेजारी बसलेलं एक पोरगं काडीसारखं होतं, त्याचा दमा आमच्यापेक्षा वरचढ.

दुसरा अर्धा स्टार कशात गेला ते आता. जानेवारीत करवीर तालुक्यात पाहुण्यांकडं गेलतो, ऊस गेलेल्या रानात पाचट पेटवलेलं, शेजारी गुऱ्हाळ, सगळीकडं गोड-कडवट धूर. रात्री साडेदहाला याची छाती आवळली. पीक फ्लो मीटर सोबत होता, त्याचा सगळ्यात चांगला आकडा तोपर्यंत ३२० झालेला, ८० टक्क्यांच्या वर हिरवा, ५० ते ८० पिवळा, त्याखाली लाल, आणि त्या रात्री काटा १९० वर. पिवळ्याच्या तळाला. दवाखान्याच्या इमर्जन्सी नंबरला सहा फोन लावले, एक उचलला नाही. कार्डावर ठळक अक्षरात चोवीस तास लिहिलंय. फोन उचलायचा नसेल तर लिहू नका ना, माणूस त्या आकड्यावर जीव टाकून असतो.

वाचवलं त्यांच्याच कागदानं, हे पण लिहिलं पाहिजे. प्रत्येक पेशंटला ते हिरवा-पिवळा-लाल असा स्वतःच्या आकड्यांचा एक कागद भरून देतात. धुरातनं बाहेर काढून गाडीत काचा वर करून बसवला, ताठ बसवला, स्पेसरमधून पंप एक-एक करत चार वेळा, वीस मिनिटं थांबलो, परत चार. लाल झालं असतं, बोलताना वाक्य तुटायला लागलं असतं किंवा ओठ निळे दिसले असते तर सरळ सीपीआर (कोल्हापुरातला मोठा सरकारी दवाखाना) गाठायचं असं त्यात लिहिलेलं, गाडी मी चालू करूनच ठेवली होती. दुसऱ्या वेळेनंतर आकडा २४० ला आला, पाऊण तासानं २७०. (तुमच्या पोराचा कागद वेगळा असणार, आमचे आकडे वापरू नका.) आणि एक बघितलं मी, या सगळ्यात घाबरलो होतो मी, तो नाही. तोच मला सांगत होता, पप्पा अजून आठ मिनिटं आहेत. फोनचं मी नंतर जाऊन बोललो, सॉरी म्हणाले, सुधारलं का ते माहीत नाही, परत वेळ आली नाही.

आजचा हिशोब: उंची १५७, वजन साडेबासष्ट. नऊ महिन्यात फक्त दीड किलो, पाहुणे म्हणतात एवढंच? पण बीएमआय २७.७ वरून २५.४ वर आलाय, कारण पोरगं वर गेलंय. रेषेच्या अजून वरच आहे, ते काय खोटं बोलत नाही. या थंडीत स्टेरॉईडच्या गोळ्या शून्य, मागच्या थंडीत चार कोर्स. रोजच्या पंपाचा डोस मागच्या महिन्यात एक पायरी खाली आणला. शर्ट ओढायची सवय गेली नाही अजून.

फुटबॉल चालू केलाय, मामाच्या गल्लीत. पोरांनी आधी गोलात उभा केला, कारण पैलवान गोलात उभा राहिला की गोल भरतो, आणि पळावं लागत नाही. दोन महिने गोलकीपर. मार्चमध्ये एक दिवस घरी आला आणि बूट न काढता मला सांगितलं, आता डिफेन्सला खेळतो म्हणून. शाहू स्टेडियमला मॅच बघायला जातो तेव्हा आता कोण किती पळालं हे तो मोजत असतो, पूर्वी समोसे मोजायचा.

आता ज्यांना कामाचंच पाहिजे त्यांच्यासाठी. पहिली फी ६००, नंतर ४००, स्पायरोमेट्री ८०० वेगळी, मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दमा दिनाला टेस्ट निम्म्या पैशात करतात, पण त्या दिवशी गर्दी जोतिबाच्या यात्रेगत. स्पेसर आणि पीक फ्लो मीटर दवाखान्यातल्या मेडिकलमधूनच घ्या असा आग्रह नाही, आम्ही बाहेरून घेतला, ताईंनी तो पण तपासून दिला. टेस्टच्या दिवशी पंप घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, दिवसा फोन उचलतात. ढेकर येईपर्यंत जेवून जाऊ नका, फुंकता येत नाही. आहारतज्ञांची फी वाचवा. सोमवार आणि शनिवार टाळा, बुधवारी दुपारी चारनंतर अर्ध्या तासात नंबर लागतो. पार्किंग नाहीच, गाडी मागच्या गल्लीत लावा आणि चालत या, तेवढंच पोराचं चालणं होतं.